दिसते, पण दिसल्याचे कळत नाही

१९७३ साली लंडनच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये एका माणसाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. डोक्याच्या मागच्या भागात, उजवीकडे, रक्तवाहिन्यांचा एक गुंता जन्मापासून होता आणि त्यापायी त्याला भयंकर डोकेदुखीचे झटके येत. गुंता काढला, दुखणे थांबले. मात्र त्यासोबत मेंदूतल्या दृष्टीच्या मुख्य केंद्राचा उजवा भागही काढून टाकावा लागला. डोळे धडधाकट होते, तरी समोर नजर लावली की डाव्या बाजूचे जवळजवळ काहीच त्याला दिसेना. संशोधनाच्या जगात हा माणूस डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो.

लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ, एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या ‘आंधळ्या’ बाजूला प्रकाशाचा ठिपका दाखवला आणि विनंती केली: दिसत नाही हे मान्य, पण अंदाजाने बोट दाखवा. बोट बऱ्याचदा ठिपक्याच्या आसपास गेले. रेघ उभी की आडवी, अक्षर फुलीचे की गोलाचे, हेही तो मोठ्या प्रमाणात अचूक सांगू लागला. आकृती पुरेशी मोठी असली तर चुका फारच थोड्या होत. निकाल ऐकून तो चकित झाला. आपण नुसते अंदाज ठोकत होतो, असेच त्याचे म्हणणे होते. १९७४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘ब्लाइंडसाइट’ हा शब्द रूढ झाला.

डोळ्यांनी जगाची खबर घेणे आणि ते जग आपल्याला दिसत असल्याचा अनुभव येणे या दोन्ही गोष्टी आपण जन्मभर एकच धरून चालतो. डी. बी.च्या मेंदूत त्या वेगळ्या झाल्या. पाहण्यातून जाणीव कशी उगवते, या प्रश्नावर गेल्या शंभरेक वर्षांत जे काम झाले त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते या फारकतीच्या वाटेने झालेले काम. दृष्टीचा अनुभव आतून अखंड वाटतो, पण मेंदूत तो तुकड्यातुकड्यांनी घडतो आणि हरवतोही तुकड्यातुकड्यांनीच. जाणिवेबद्दलचा कोणताही सिद्धान्त आधी या कसोटीवर घासून पाहायला हवा.

या कामाची सुरुवात युद्धात झाली. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैनिकांच्या नव्या बंदुकांची गोळी लहान आणि अतिशय वेगवान होती. ती कवटीतून आरपार जाई आणि माणूस पुष्कळदा वाचे. तात्सुजी इनोउये या तरुण जपानी नेत्रवैद्याकडे काम होते ते जखमी सैनिकांची दृष्टी किती गेली हे मोजण्याचे, कारण त्यावर त्यांचे पेन्शन ठरायचे. इनोउये यांनी गोळी शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा मोजली, मधली सरळ रेषा मेंदूच्या नकाशावर आखली आणि सैनिकाच्या नजरेतला कोणता भाग गेला त्याच्याशी ती ताडून पाहिली. मेंदूच्या मागच्या टोकाशी समोरच्या दृश्याचा नकाशाच मांडलेला असतो आणि त्यात नजरेच्या मध्यबिंदूला फार मोठी जागा मिळते, हे त्यातून निघाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या गॉर्डन होम्स यांनी अशाच जखमांवरून हा नकाशा अधिक नेटका केला.

त्याच महायुद्धात जॉर्ज रिडॉक या डॉक्टरांना काही सैनिक भेटले, ज्यांना आंधळ्या भागात स्थिर वस्तू दिसत नसे, पण काहीतरी हलले तर कळे. हलले एवढेच, त्याला आकार नाही, रंग नाही. रिडॉक यांनी १९१७ मध्ये हे लिहिले. होम्स यांनी ते मानले नाही आणि त्यांचा दबदबा एवढा होता की हा धागा बराच काळ बाजूला पडला.

डोळ्यापासून मेंदूपर्यंतची वाट थोडक्यात सांगतो. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दहा कोटींहून अधिक पेशी असतात, पण तिथून मेंदूकडे जाणारे तंतू प्रत्येक डोळ्यामागे दहा लाखांच्या घरात. म्हणजे निवड आणि काटछाट डोळ्यातच सुरू होते. बहुतेक तंतू थॅलॅमस या मधल्या ठाण्यावरून मागच्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात जातात. तिथल्या पेशी रेघांना, कडांना, त्यांच्या कलांना प्रतिसाद देतात. हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९५९ पासून दाखवून दिले आणि १९८१ चे नोबेल मिळवले. त्यापुढे रंग, गती, आकार, चेहरे यांत विशेष रस असलेली क्षेत्रे लागतात. काही तंतू मात्र प्राथमिक क्षेत्राला वळसा घालून मध्यमेंदूकडे जातात. उत्क्रांतीच्या हिशेबात ही वाट फार जुनी. डी. बी.चा ‘अंदाज’ अशा आडवाटांवरूनच येत असावा, असे आज बहुतेकांना वाटते.

केंब्रिजमध्ये निकोलस हम्फ्री यांनी १९६७ पासून हेलन नावाच्या माकडिणीसोबत अनेक वर्षे काम केले. वाइस्क्रान्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत तिचे प्राथमिक दृष्टिक्षेत्र काढून टाकलेले होते आणि ती आंधळी मानली गेली होती. हम्फ्री तिला बाहेर मोकळ्यावर फिरवत, तिच्याशी खेळत. हळूहळू ती अडथळे चुकवत धावू लागली, जमिनीवरचे कण वेचून खाऊ लागली. तिला काय ‘जाणवत’ होते हे मात्र विचारायची सोय नव्हती. अडथळ्यांतून असेच चालणाऱ्या माणसाला ते विचारायची सोय मिळाली २००८ मध्ये. टी. एन. नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका डॉक्टरच्या मेंदूतली दोन्ही बाजूंची प्राथमिक दृष्टिक्षेत्रे लागोपाठच्या दोन पक्षाघातांनी निकामी झाली होती आणि तो पांढरी काठी घेऊन वावरे. संशोधकांनी त्याला सामान विखुरलेल्या बोळातून काठीशिवाय चालायला लावले. एकाही वस्तूला धक्का न लावता तो वळणे घेत पलीकडे गेला. आपण काही चुकवत आलो याची त्याला कल्पना नव्हती.

ब्लाइंडसाइटवर आक्षेपही आहेत आणि ते वजनदार आहेत. तत्त्वज्ञ इयन फिलिप्स यांनी २०२१ मध्ये असे मांडले की या रुग्णांना अत्यंत क्षीण, बिघडलेला अनुभव येत असतो. तो नेहमीच्या दिसण्यासारखा नसल्यामुळे ते ‘दिसत नाही’ म्हणतात. खुद्द डी. बी.लाही झपाट्याने हलणाऱ्या गोष्टींबाबत कधीकधी ‘तिथे काहीतरी आहे’ असे वाटे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. तरीही तो पूर्ण मान्य केला तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच: त्याचे हात आणि त्याचे शब्द एकाच दृश्याबद्दल वेगवेगळी साक्ष देत होते.

उलट बाजूची एक रुग्ण म्हणजे डी. एफ. १९८८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, इटलीत आंघोळ करत असताना पाणी तापवण्याच्या उपकरणातून सुटलेल्या कार्बन मोनॉक्साइडने तिला गुदमरवले. ती वाचली, पण वस्तूंचे आकार तिला ओळखू येईनात. रंग कळत, पृष्ठभागाचा पोत कळे, मात्र समोरची वस्तू चौकोनी की लांबट हे सांगता येत नसे. डेव्हिड मिल्नर आणि मेल्विन गुडेल यांनी तिच्यापुढे टपालपेटीसारखी एक फट ठेवली आणि ती वेगवेगळ्या कोनांत फिरवली. फट कोणत्या कोनात आहे ते हातातले कार्ड फिरवून दाखवा म्हटले तर तिचे उत्तर कुठल्या कुठे जाई. आता हे कार्ड त्या फटीत टाका म्हटले की हात पुढे जाता जाताच मनगट वळे आणि कार्ड सरळ आत. यावरून मिल्नर-गुडेल यांनी १९९२ मध्ये मांडणी केली की मेंदूत दृष्टीचे दोन प्रवाह आहेत: वरच्या अंगाने जाणारा हाताला वाट दाखवतो, खालच्या अंगाने जाणारा ‘हे काय आहे’ ते ओळखतो आणि अनुभव घडतो तो मुख्यतः या खालच्या प्रवाहात. तपशिलांवर आजही वाद आहेत. तरी फटीत सरळ जाणारे ते कार्ड कोणालाच नाकारता आलेले नाही.

म्युनिकमध्ये योसेफ त्सिल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये वर्णन केलेल्या एल. एम. या बाईचे जग आणखी वेगळे. तिची फक्त गतीची जाणीव गेली होती. कपात चहा ओतताना धार तिला गोठलेल्या बर्फासारखी स्थिर दिसे. चहा चढतो आहे हे दिसतच नसल्यामुळे कधी थांबायचे ते कळत नसे आणि कप भरून वाहू लागे. खोलीत दोन-चार माणसे फिरू लागली की तिला नकोसे होई, कारण ती क्षणापूर्वी इथे असत आणि एकदम तिथे. रस्ता ओलांडताना मोटार आधी लांब दिसे, मग अचानक अगदी जवळ. पुढे ती मोटारीच्या आवाजावरून अंतर ताडायला शिकली. चहाची धार तिला स्पष्ट दिसत होती, रंग दिसत होता, कप दिसत होता. वाहणे तेवढे नव्हते. दृष्टीचा अनुभव हा मेंदूत एका ठिकाणी उजळणारा पडदा असता, तर त्याच्यातून एवढीच एक गोष्ट अशी अलगद निघून जाऊ शकली नसती.

आजार आणि जखमा यांच्या पलीकडे जायचे तर निरोगी मेंदूत दृश्य तेच ठेवून अनुभव बदलायला हवा. त्याची युक्ती चार्ल्स व्हीटस्टन यांच्या १८३८ च्या लेखापासून माहीत आहे. एका डोळ्याला एक चित्र आणि दुसऱ्याला वेगळेच दाखवले की दोन्हींचे मिश्रण दिसत नाही. काही सेकंद एक, मग काही सेकंद दुसरे, असा पाळीपाळीने खेळ चालतो. निकोस लोगोथेटिस यांनी माकडांना आत्ता कोणते चित्र दिसते आहे ते तरफ ओढून सांगायला शिकवले आणि त्याच वेळी एकेका पेशीचे संकेत टिपले. सुरुवातीच्या दृष्टिक्षेत्रांत पाचातली जेमतेम एक पेशी अनुभवाबरोबर बदलत होती, बाकीच्या डोळ्यावर पडणाऱ्या चित्राशीच इमान राखून. वाटेतल्या क्षेत्रांत प्रमाण वाढत गेले आणि कानशिलाखालच्या भागात, जिथे वस्तू आणि चेहरे ओळखले जातात, नव्वद टक्क्यांच्या आसपास पेशी अनुभवाच्या बाजूने होत्या. डीएनएच्या रचनेसाठी गाजलेले फ्रान्सिस क्रिक आणि त्यांचे सहकारी क्रिस्तोफ कॉख यांनी १९९५ मध्ये तर असा दावा केला की प्राथमिक दृष्टिक्षेत्रातल्या हालचालीची आपल्याला थेट जाणीव होतच नाही. पुढे माणसांच्या एफएमआरआय चाचण्यांत याच क्षेत्रात अनुभवाबरोबर होणारे चांगले ठळक बदल दिसले, त्यामुळे तो दावा जसाच्या तसा उभा राहत नाही.

तो न टिकण्याचे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. मेंदूत संकेत फक्त पुढे जात नाहीत. पुढच्या क्षेत्रांकडून मागे येणारे तंतूही भरपूर असतात. थॅलॅमसमधल्या त्या ठाण्यावर तर डोळ्याकडून येणारे जोड अल्पसंख्य आहेत. अधिक जोड वरून, मेंदूच्या कवचाकडून, खाली उतरतात. ॲम्स्टरडॅमच्या व्हिक्टर लॅम यांची मांडणी अशी की चित्र दिसल्यावर सेकंदाच्या पहिल्या दहाव्या भागात संकेतांची एक लाट मागून पुढे धावते आणि तिच्यामुळे वस्तू ओळखण्यापर्यंत बरेच काही होऊन जाते, पण अजाणता. पुढून मागे प्रतिसाद फिरला, फेरा पूर्ण झाला, की अनुभव. याला एक सुंदर पुरावा २००१ मध्ये मिळाला. अल्वारो पास्कुआल-लिओन आणि व्हिन्सेंट वॉल्श यांनी डोक्याबाहेरून चुंबकीय धक्का देऊन गतीच्या क्षेत्राला चेतवले. डोळे बंद असतानाही माणसाला हलणाऱ्या प्रकाशाचे भास झाले. त्यानंतर सेकंदाच्या काही शतांश भागांत प्राथमिक क्षेत्राला दुसरा धक्का देऊन तिथले काम विस्कळीत केले, तर ते भास उमटेनात. गतीचे क्षेत्र जागे होते. परतीचा संकेत मागे पोचला तेव्हा तिथे त्याला धड जागा मिळाली नाही.

परतीच्या वाटेवरून येते ते बहुधा आधीच केलेले भाकीत. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच म्हटले होते की पाहणे हे नकळत केलेले अनुमान असते. राजेश राव आणि डेना बॅलार्ड यांनी १९९९ मध्ये त्याला गणिती रूप दिले: वरची क्षेत्रे काय दिसेल याचा अंदाज खाली धाडतात आणि खालून फक्त अंदाज चुकल्याची बातमी वर येते. अनुभवात काय भरलेले असते याचा उलगडा ही कल्पना उत्तम करते. अनुभव मुळात का असतो, याला ती फारशी हात घालत नाही.

आता मोठे सिद्धान्त. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये मांडलेली आणि पॅरिसच्या स्तानिस्लास देहान यांनी मेंदूच्या भाषेत बसवलेली कल्पना म्हणजे जागतिक कार्यपीठाची. मेंदूतली असंख्य खाती आपापले काम गुपचूप करत असतात. एखादी माहिती पुरेशी जोरकस झाली की कपाळामागच्या भागांसह सगळीकडे एकदम प्रसारित होते आणि तो प्रसार हीच जाणीव. एखादा शब्द क्षणभर दाखवून लगेच झाकला, तर मागच्या भागात त्याची नोंद होते पण भडका उडत नाही. किंचित जास्त वेळ दिसला की साधारण तिसऱ्या दशांश सेकंदाला तो उडतो. जुलिओ तोनोनी यांचा २००४ पासूनचा सिद्धान्त उलट टोकाने निघतो. अनुभव एकसंध असतो आणि तरी माहितीने गच्च भरलेला, म्हणून ज्या रचनेत माहिती याच रीतीने एकवटलेली असेल ती रचनाच अनुभव. त्यांच्या मते हे घडते ते मेंदूच्या मागच्या भागात.

तिसरा पक्ष डेव्हिड रोझेन्थाल यांचा: एखादी अवस्था सजाण होते ती तिच्याबद्दल दुसरी, वरची अवस्था निर्माण झाली तर. भारतीय वाचकाला हे ओळखीचे वाटायला हवे. ‘हा घट आहे’ हे ज्ञान आणि ‘मला घट दिसतो आहे’ हे त्यानंतरचे ज्ञान नैयायिकांनी वेगळे धरले आणि दुसऱ्याला अनुव्यवसाय म्हटले. दिङ्नागाच्या परंपरेतल्या बौद्धांनी ते मानले नाही; प्रत्येक ज्ञान उगवतानाच स्वतःला प्रकाशित करते, हा त्यांचा पक्ष. नैयायिक तर आणखी पुढे गेले. वस्तूचे पहिले, निर्विकल्पक प्रत्यक्ष मनाला कधी कळतच नाही, ते मागाहून अनुमानाने मानावे लागते, असे त्यांनी सांगितले. माणसाला घडते पण त्याला ठाऊक होत नाही असे प्रत्यक्ष! प्रयोगशाळा नसताना, निव्वळ वादाच्या बळावर ही शक्यता त्यांनी खुली ठेवली याचा मला मनापासून आदर वाटतो. आजच्या चर्चासत्रांत या वादाला अजून नीट जागा मिळालेली नाही, ती मिळायला हवी.

सगळ्या पक्षांना अडणारी एक अडचण आहे. अनुभव मोजायचा तर माणसाला विचारावे लागते आणि सांगणे म्हणजे लक्ष देणे, लक्षात ठेवणे, ठरवणे, शब्दांत मांडणे. कपाळामागचा भडका अनुभवाचा की सांगण्याचा? जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये बारा अक्षरे क्षणभर दाखवली. सगळी सांगा म्हटले तर लोक चारेक सांगत. चित्र गेल्यावर सूर वाजवून वरची, मधली किंवा खालची एकच ओळ विचारली, तर कोणतीही ओळ जवळपास पुरी सांगत. सगळी अक्षरे दिसली होती, सांगेपर्यंत निसटली, असे त्यांना वाटे. याच प्रयोगाच्या आधारे नेड ब्लॉक यांचा आग्रह आहे की अनुभवाची व्याप्ती सांगता येण्याजोग्या भागापेक्षा मोठी असते. अलीकडे काही प्रयोगांत माणसाला काहीच न विचारता, डोळ्यांच्या हालचाली आणि बाहुल्यांच्या आकारावरून अनुभव कधी पालटला ते ओळखले; तेव्हा कपाळामागची खळबळ बरीच ओसरली. याने मागच्या भागाचे पारडे जड होते. मीही त्याच बाजूला झुकतो.

२०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यामुळेच वाचण्यासारखा आहे. कार्यपीठवाले आणि तोनोनीपक्षाचे, दोघांनी आधी आपापली भाकिते लेखी दिली; कोणता निकाल आला तर कोण चुकले हेही आधी ठरले. मग अनेक प्रयोगशाळांत २५६ जणांना चेहरे, वस्तू, अक्षरे अर्धा ते दीड सेकंद दाखवून तीन पद्धतींनी मेंदू नोंदवला गेला. चित्र पडद्यावर असेपर्यंत मागच्या भागात प्रतिसाद टिकून राहिला, पण तोनोनी यांना हवे असलेले तिथले दीर्घ समन्वित स्पंदन सापडले नाही. कार्यपीठाच्या भाकिताप्रमाणे चित्र नाहीसे होताच कपाळामागे पुन्हा भडका उडायला हवा होता. तोही बहुतांशी उडाला नाही. या प्रयोगाचे पहिले निकाल २०२३ मध्ये न्यूयॉर्कला जाहीर झाले, त्याच परिषदेत कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांना वाइनच्या बाटल्या देऊन पंचवीस वर्षांपूर्वीची पैज हरल्याचे मान्य केले. जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण पंचवीस वर्षांत सापडेल, असे ते १९९८ मध्ये म्हणाले होते. काही महिन्यांतच १२४ जणांनी सही केलेल्या पत्रात तोनोनी यांच्या सिद्धान्तावर छद्मविज्ञानाचा शिक्का मारला गेला. ते पत्र मला अन्यायाचे वाटले. चुकू शकेल असे भाकीत लेखी देणाऱ्याला तो शिक्का शोभत नाही.

चाल्मर्स यांनी १९९४-९५ मध्ये ज्याला कठीण प्रश्न म्हटले तो या सगळ्याच्या मागे उभाच आहे: एवढी सारी प्रक्रिया झाली, पण तिला आतून लाल रंगाचा तो लालपणा का असावा? त्याचे उत्तर कोणत्याच पक्षाकडे नाही. पण डी. बी., डी. एफ. आणि एल. एम. यांच्यानंतर तो प्रश्न पूर्वीसारखा सपाट राहिलेला नाही. आता ‘लालपणा का’ याबरोबर गती गेली तर नेमके काय जाते, परतीचा संकेत अडला तर काय उमटत नाही, असे त्याचे भाग पाडता येतात आणि एकेका भागावर काम करता येते.

या कामासाठी मला सर्वांत आशेची जागा दिल्लीत दिसते. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होते. जन्मांधाला दृष्टी आली तर हाताने ओळखीचा गोळा आणि घन तो नुसत्या नजरेने ओळखेल का, हा विल्यम मॉलिन्यू यांनी सतराव्या शतकात जॉन लॉक यांना विचारलेला प्रश्न इथे २०११ मध्ये खऱ्या मुलांना विचारला गेला. आठ ते सतरा वर्षांची पाच मुले. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत स्पर्शाने कळलेली वस्तू नजरेने ओळखताना त्यांची उत्तरे अंदाजपंचेच्या जवळपास होती. नजरेने पाहिलेली वस्तू नजरेनेच ओळखताना मात्र चुका थोड्याच होत. पुढच्या काही दिवसांतच स्पर्श आणि नजर यांची सांगड बसू लागली. उशिरा दृष्टी मिळालेल्या माणसांच्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की एकमेकांवर ठेवलेल्या दोन आकृतींचे त्यांना अनेक सुटे तुकडे दिसत. रंगाचा किंवा उजेडाचा प्रत्येक पट्टा म्हणजे वेगळी वस्तू. त्यातली एक आकृती हलवली की तुकडे जुळत आणि वस्तू दिसे. काही महिन्यांनी न हलणाऱ्या चित्रातही ती दिसू लागली. आपल्या बाळपणी जे बोलता येण्याआधीच उरकले, ते इथे बोलू शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत, मोजपट्टी लावता येईल अशा गतीने घडते. आजवर या मुलांना ‘काय दिसते’ हे बारकाईने विचारले गेले आहे. ते दिसणे त्यांना कसे वाटते, पहिल्या आठवड्यात कसे आणि सहाव्या महिन्यात कसे, हे त्यांच्याच शब्दांत, मेंदूच्या नोंदींच्या शेजारी ठेवून, तितक्याच बारकाईने विचारायला हवे.